चाहत्याची यादी : ब्रिटिश इंडी संगीतातील रसिकतेचे चिकित्सक आकलन

गोषवारा :
लोकप्रिय संगीताच्या विवेचनात चाहत्याला बहुधा व्यवहाराच्या अखेरच्या टोकावरील ग्राहक मानले जाते. ब्रिटनमधील इंडी व रॉक संगीताचा १९७६ नंतरचा इतिहास या समजुतीला छेद देतो. तेथे चाहत्याने दुकान काढले, अंक छापले, ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या आणि आवडीनिवडीची एक समांतर व्यवस्था उभी केली. त्याच उत्साहातून अभिरुचीचे कुंपणही उभे राहिले. निक हॉर्नबी यांची 'हाय फिडेलिटी' ही कादंबरी आणि कॉर्नरशॉप या बँडचे 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गीत या दोन कलाकृतींच्या आधारे या उत्साहाच्या दोन्ही बाजूंचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : चाहता, इंडी संगीत, अभिरुची, स्वतंत्र वितरण, यादी.

प्रास्ताविक :
संस्कृत काव्यशास्त्राने 'सहृदय' ही संकल्पना मांडून कलाकृतीच्या सिद्धीत आस्वादकाचा वाटा मान्य केला. मराठी संगीतव्यवहारातही रसिक, दर्दी, जाणकार या संज्ञा आदराने वापरल्या जातात. 'चाहता' या शब्दाच्या वाट्याला मात्र तसा मान आलेला नाही. चाहता म्हटला की स्वाक्षरीसाठी धावणारा, विवेक हरवलेला तरुण डोळ्यांसमोर येतो. इंग्रजीतील 'फॅन' हा शब्दही 'फॅनॅटिक' म्हणजे धर्मवेडा या शब्दाचे संक्षिप्त रूप मानला जातो. हेन्री जेन्किन्स यांनी 'टेक्स्च्युअल पोचर्स' (१९९२) या ग्रंथात चाहता हा आवडत्या कलाकृतीतून स्वतःचे काही घडवणारा सक्रिय वाचक असतो, अशी मांडणी केली आणि या विषयाला अभ्यासाची प्रतिष्ठा मिळवून दिली. जेन्किन्स यांचा भर प्रामुख्याने दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांवर होता. ब्रिटिश इंडी संगीताच्या संदर्भात हा विचार अधिक पुढे न्यावा लागतो. कारण येथे चाहत्याने कलाकृतीचा नवा अर्थ लावण्यावर न थांबता तिच्या निर्मितीची आणि वितरणाची साधनेच हाती घेतली.

'इंडी' : संज्ञाविचार
'इंडी' हे 'इंडिपेंडंट' या शब्दाचे लघुरूप आहे. संगीतप्रकारांची नावे सामान्यतः ताल, वाद्य, प्रदेश किंवा नृत्य यांवरून पडतात. डेव्हिड हेसमंडहाल्श यांनी १९९९ मधील आपल्या लेखात दाखवून दिल्याप्रमाणे इंडी हे नाव उत्पादनाच्या पद्धतीवरून आले आहे. बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या भांडवलापासून व वितरणापासून स्वतंत्र राहून काढलेले संगीत ते इंडी, हा त्याचा मूळ अर्थ होय. जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये इंडी ध्वनिमुद्रिकांच्या खपाची स्वतंत्र यादी प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यातील प्रवेशाचा निकष वितरणाचा होता, शैलीचा नव्हता. त्यामुळे १९८० च्या दशकाच्या अखेरीस कायली मिनोग यांची नृत्यप्रधान लोकप्रिय गीतेही स्वतंत्र वितरणाच्या बळावर या यादीत झळकली. गिटारप्रधान बँडच्या चाहत्यांना हे रुचणारे नव्हते. त्यांच्या मनात 'इंडी' म्हणजे विशिष्ट ध्वनी, वेश आणि मनोवृत्ती असा अर्थ एव्हाना दृढ झाला होता. व्यवस्थेचे नाव शैलीचे नाव होऊ लागले होते. पुढील सर्व वादांचे मूळ या अर्थांतरात आहे.

चाहता ते निर्माता :
४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम झाला. तो भरवणारे हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली हे स्वतः त्या बँडचे चाहते होते. त्यांच्या बझकॉक्स या बँडने जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गीतांची तबकडी मित्र व कुटुंबीयांकडून उसने पैसे घेऊन स्वतःच्या न्यू हॉर्मोन्स या लेबलवर काढली. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती. कोणते गीत कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले, याची नोंद वेष्टनावर दिलेली होती. स्क्रिटी पोलिटी या बँडने १९७८ मध्ये आपल्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर मुद्रणाचा खर्चच छापला. या नोंदींचे सांस्कृतिक मोल मोठे आहे. बड्या कंपनीची ध्वनिमुद्रिका श्रोत्यासमोर तयार वस्तू म्हणून येते. ती कशी घडली हे तिने सांगायचे नसते. येथे घडवण्याची कृतीच उघड केली होती. वेष्टन वाचणाऱ्या श्रोत्याला त्यातून एक निमंत्रण मिळत होते : हे काम तुम्हालाही करता येईल.

या निमंत्रणाला जागा मिळाली ती दुकानात. जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६ मध्ये पश्चिम लंडनमध्ये रफ ट्रेड हे तबकड्यांचे दुकान उघडले. तेथे ग्राहकाने काही विकत घ्यावे अशी सक्ती नसे. ऐकत उभे राहता येई. घरी टंकलिखित करून काढलेले चाहत्यांचे अंकही तेथे विक्रीस असत. मार्क पेरी यांचे १९७६ मध्ये सुरू झालेले 'स्निफिन ग्लू' हे या अंकांपैकी सर्वांत प्रसिद्ध. साठोत्तरी मराठी साहित्यातील लघुअनियतकालिकांशी परिचित असलेल्या वाचकाला या अंकांचे स्वरूप सहज कळेल. तीच अल्प साधने, तोच प्रस्थापित नियतकालिकांविषयीचा अविश्वास आणि संपादक, लेखक, विक्रेता या तिन्ही भूमिका एकाच माणसाने पार पाडण्याची तीच तयारी येथे दिसते. रफ ट्रेड १९७८ मध्ये स्वतःच लेबल झाले. पुढे ब्रिस्टल, लिव्हरपूल, यॉर्क अशा शहरांतील समविचारी दुकानांना जोडून वितरणाचे जाळे विणले गेले. लंडनमधील बड्या कंपनीचा उंबरठा न झिजवताही प्रादेशिक बँडची तबकडी देशभर पोहोचू लागली.

चाहत्याच्या या रूपांतराचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे द स्मिथ्स. १९८२ मध्ये मँचेस्टरमध्ये स्थापन झालेल्या आणि १९८७ मध्ये विसर्जित झालेल्या या बँडचे गायक मॉरिसी हे त्याआधी न्यूयॉर्क डॉल्स या अमेरिकन बँडचे कट्टर चाहते होते. त्यांनी संगीतविषयक साप्ताहिकांना पत्रे लिहिली आणि त्या बँडवर १९८१ मध्ये एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली. म्हणजे व्यासपीठावर येण्यापूर्वी ते भक्तीची भाषा शिकलेले होते. चाहत्याला आपल्या दैवताकडून काय हवे असते, याचे ज्ञान त्यांना स्वानुभवातून होते. स्मिथ्सच्या तबकड्यांच्या वेष्टनांवर बँडची छायाचित्रे बहुधा नसत. जुन्या चित्रपटांतील व नाटकांतील व्यक्तींची असत. एका चाहत्याने आपला खासगी संग्रह दुसऱ्या चाहत्यांसमोर उघडावा, तसे हे वेष्टनांचे दालन होते.

ब्रिस्टलच्या सारा रेकॉर्ड्सने (१९८७–१९९५) हीच वृत्ती नैतिक भूमिकेपर्यंत नेली. क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स हे तिचे संस्थापक चाहत्यांच्या अंकांच्या जगातून आले होते. एकच गीत निरनिराळ्या आवृत्त्यांत काढून चाहत्याकडून पुन्हा पुन्हा पैसे घ्यायचे, या प्रचलित युक्तीला त्यांचा विरोध होता. शंभरावे प्रकाशन झाले आणि त्यांनी लेबल स्वेच्छेने बंद केले. चाहत्याचा उत्साह हा पिळून घ्यायचा स्रोत नसून जपायचा विश्वास आहे, ही जाणीव त्यामागे दिसते.

मध्यस्थांची भूमिका :
घरी तयार झालेली तबकडी अनोळखी श्रोत्यापर्यंत पोहोचवण्यासाठी मध्यस्थ आवश्यक होता. बीबीसी रेडिओ १ वर १९६७ पासून २००४ मधील निधनापर्यंत कार्यक्रम सादर करणारे जॉन पील यांनी ही भूमिका दीर्घकाळ निभावली. १९७८ मध्ये द अंडरटोन्स या उत्तर आयर्लंडमधील बँडचे 'टीनेज किक्स' हे गीत त्यांनी एका कार्यक्रमात लागोपाठ दोनदा वाजवले, ही घटना प्रसिद्ध आहे. निवेदकाच्या तटस्थतेचा संकेत येथे मोडला गेला आणि निवेदक स्वतःच श्रोता झाला. मराठी नाट्यसंगीताच्या परंपरेत 'वन्समोअर' प्रेक्षकांतून येतो. येथे तो निवेदकाने स्वतःलाच दिला. १९७६ मध्ये त्यांनी 'फेस्टिव्ह फिफ्टी' ही श्रोत्यांच्या मतांवर आधारलेली गीतांची वर्षअखेरची यादी सुरू केली. खपाच्या याद्यांत पैसा मोजला जाई, या यादीत आवड मोजली जाई.

'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाचे कार्य याहून संमिश्र होते. त्याने १९८६ मध्ये 'सी ८६' ही बावीस बँडची कॅसेट टपालाने उपलब्ध करून दिली. अनेक अपरिचित बँडना तिच्यामुळे श्रोते मिळाले. परंतु कॅसेटचे नाव लवकरच शैलीचे आणि नंतर हेटाळणीचे विशेषण झाले. ज्या यादीने दार उघडले, तिनेच कप्पा तयार केला. यादीचा हा दुहेरी स्वभाव पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

अभिरुचीचे कुंपण : 'हाय फिडेलिटी'
पिअर बोर्द्यू यांनी 'डिस्टिंक्शन' (१९७९) या ग्रंथात अभिरुची ही वर्गभेदाची खूण कशी होते, हे दाखवले. सेरा थॉर्नटन यांनी 'क्लब कल्चर्स' (१९९५) मध्ये हा विचार तरुणांच्या नृत्यगृहांना लावला व 'उपसांस्कृतिक भांडवल' ही संज्ञा मांडली. आर्थिक दृष्ट्या दुर्बळ तरुणही दुर्मीळ तबकडीच्या ज्ञानावर वर्तुळात प्रतिष्ठा मिळवतो, असा तिचा आशय आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली निक हॉर्नबी यांची 'हाय फिडेलिटी' ही कादंबरी या भांडवलाची शोकात्म विनोदिका म्हणून वाचता येते.

कादंबरीचा नायक रॉब फ्लेमिंग हा पस्तिशीतील माणूस उत्तर लंडनमध्ये तबकड्यांचे दुकान चालवतो. दुकानात पंक, सोल, ब्लूज यांच्या जोडीला इंडीही आहे. रॉब आणि त्याचे दोन सहायक प्रत्येक गोष्टीच्या पाच-पाचच्या याद्या करतात. कादंबरीचा आरंभच हृदयभंगांच्या यादीने होतो. एक ग्राहक मुलीच्या वाढदिवसासाठी स्टीव्ही वंडर यांचे एक लोकप्रिय गीत मागतो, तेव्हा बॅरी हा सहायक त्याला अपमानित करून परत पाठवतो. प्रसंग विनोदी आहे. पण त्यातील हिंसा दुर्लक्षिण्याजोगी नाही. एका बापाचे प्रेम आणि एका चाहत्याची अभिरुची समोरासमोर येतात आणि दुकानाच्या मर्यादेत अभिरुची जिंकते. विकत घेण्याची सक्ती न करणारे रफ ट्रेड आणि विकण्यास नकार देणारे हे काल्पनिक दुकान यांच्यातील अंतर म्हणजे चाहत्याच्या उत्साहाने पार केलेले अंतर होय.

हॉर्नबी यांनी नायकाची उपेक्षा केलेली नाही. प्रेयसी सोडून गेल्यावर रॉब आपला संग्रह वर्णानुक्रमाऐवजी खरेदीच्या क्रमाने लावतो. त्या मांडणीतून त्याचे आत्मचरित्र तयार होते. संग्रह हा त्याच्या आयुष्याचा आधार आहे आणि त्याचा आडोसाही. पुढे एका जोडप्याकडे तो जेवायला जातो, ती माणसे त्याला मनापासून आवडतात आणि नंतर त्यांच्या तबकड्या पाहून तो हादरतो. माणसे त्यांच्या आवडीवरून ओळखावीत, हा त्याचा सिद्धान्त येथे कोसळतो. अखेरीस तो लॉरासाठी मनातल्या मनात एक कॅसेट रचू लागतो. तिला काय आवडायला हवे, याऐवजी तिला काय आवडते, यावर ती आधारलेली असते. संपूर्ण कादंबरीतील प्रगती एवढीच आहे. चाहत्याची यादी प्रथमच दुसऱ्याच्या कानाने रचली जाते.

कार्यक्रमस्थळी हे कुंपण शरीराच्या जागेतून दिसते. वेंडी फोनारो यांनी 'एम्पायर ऑफ डर्ट' (२००६) या मानववंशशास्त्रीय अभ्यासात इंडी कार्यक्रमाच्या श्रोतृवर्गाचे तीन विभाग दाखवले आहेत. व्यासपीठालगत गर्दी करणारे तरुण, मध्यभागी उभे राहून लक्षपूर्वक ऐकणारे आणि मागे मद्यालयाजवळ रेंगाळणारे व्यवसायातील लोक. वय व अनुभव वाढतो तसा चाहता मागे सरकतो आणि अखेर दाराबाहेर जातो. सर्वाधिक ज्ञान असलेला माणूस संगीतापासून सर्वाधिक दूर उभा असतो, हे निरीक्षण रॉबच्या स्थितीवर भाष्य करणारे आहे.

लोकप्रियतेची कसोटी :
१९९० च्या दशकात इंडी ही संज्ञा तिच्या मूळ अर्थापासून पूर्णतः सुटली. १९९१ मध्ये रफ ट्रेडची वितरणव्यवस्था कोसळली, १९९२ मध्ये मँचेस्टरचे फॅक्टरी लेबल बुडाले आणि त्याच वर्षी क्रिएशन या लेबलचा ४९ टक्के हिस्सा सोनीने विकत घेतला. क्रिएशनच्याच ओएसिस या बँडने ऑगस्ट १९९६ मध्ये नेबवर्थ येथे दोन दिवसांत सुमारे अडीच लाख श्रोत्यांसमोर कार्यक्रम केले. ज्या चाहत्यांनी हा ध्वनी छोट्या खोल्यांत जपला, त्यांच्यापैकी अनेकांना या विजयात पराभव जाणवला. या प्रतिक्रियेत अभिजनी अहंकार होता, हे मान्य करावे लागते. तथापि ती केवळ अहंकारातून आलेली नव्हती. व्यवस्था गेली आणि शैली उरली, ही तक्रार वस्तुस्थितीला धरून होती. ओएसिसच्या २०२५ मधील पुनर्मीलनाच्या कार्यक्रमांची तिकीटविक्री २०२४ मध्ये झाली, तेव्हा तिच्या पद्धतीची ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने चौकशी केली. चाहत्याच्या उत्साहाची किंमत किती लावावी, हा सारा रेकॉर्ड्सने स्वतःला विचारलेला प्रश्न आता शासकीय यंत्रणेपुढे आला होता.

कोणाचा उत्साह? : 'ब्रिमफुल ऑफ आशा'
इंडीच्या कुंपणाला वर्गाप्रमाणे वंशाचीही बाजू होती. या संगीताचे बँड व श्रोते बहुसंख्येने गौरवर्णीय होते. ऑगस्ट १९९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कमधील कार्यक्रमात मॉरिसी यांनी ब्रिटनचा राष्ट्रध्वज हाती घेतला. अतिउजव्या गटांनी त्या ध्वजाचा केलेला वापर लक्षात घेता या कृतीवर तीव्र टीका झाली. वर्णवादाचा आरोप मॉरिसी यांनी नाकारला आहे. कॉर्नरशॉप या नव्या बँडने त्या वर्षी ईएमआय कंपनीच्या लंडनमधील कार्यालयाबाहेर मॉरिसी यांची छायाचित्रे जाळली. ब्रिटनमधील आशियाई म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, या साचेबंद कल्पनेलाच या बँडने आपले नाव केले होते. त्याचे प्रमुख तजिंदर सिंग हे वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये वाढलेले पंजाबी वंशाचे संगीतकार. निषेध करणारा हा बँड इंडीच्याच वर्तुळातील होता, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. त्याचे लेबल विजा हे रफ ट्रेडच्या दुकानातून निघाले आणि दुकानाच्या टपाल-संकेतांकातील अक्षरे व अंक जुळवून त्याचे नाव तयार झाले होते.

१९९७ मध्ये याच बँडचे 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गीत आले. सांगलीत १९३३ मध्ये जन्मलेल्या आशा भोसले यांच्या पार्श्वगायनाविषयीचे हे कृतज्ञतागीत आहे. मूळ नाव आणि 'आशा' या शब्दाचा अर्थ यांतील श्लेष मराठी श्रोत्याला शीर्षकातच जाणवतो. बहुसंख्य ब्रिटिश श्रोत्यांना तो समजावून घ्यावा लागला. गीताची रचना पाहता ते यादीच्या स्वरूपाचे आहे. आशा, लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्या शेजारी फ्रेंच गायक झाक द्यूत्राँ आणि ग्लॅम रॉकचे मार्क बोलन येतात. आकाशवाणी येते, जमैकन संगीताची ट्रोजन ही कंपनी येते आणि मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडीही येते. ही यादी रॉबच्या यादीपेक्षा मूलतः भिन्न आहे. तीत अनुक्रम नाही, त्यामुळे कोणी कोणाच्या खाली नाही. ज्या घरात हिंदी चित्रपटगीते आणि ब्रिटिश रॉक एकाच यंत्रावर वाजत, त्या घराची ती यादी आहे. याच अल्बममध्ये बीटल्सचे 'नॉर्वेजियन वुड' पंजाबीत गायले आहे. १९६५ च्या मूळ गीतात सतार भारतातून नेली गेली होती. पंजाबी शब्दांनी त्या देवघेवीचे वर्तुळ पूर्ण केले.

प्रसिद्धीच्या वेळी हे गीत खपाच्या यादीत साठाव्या क्रमांकापर्यंतच गेले. जॉन पील यांच्या श्रोत्यांनी मात्र १९९७ च्या 'फेस्टिव्ह फिफ्टी'त त्याला प्रथम स्थान दिले. नॉर्मन कुक यांनी वेग वाढवून केलेली त्याची नवी आवृत्ती फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये अव्वल ठरली. बाजाराच्या आधी चाहत्यांनी कौल दिला होता. कुंपण उभारणारा श्रोतृवर्ग तेच कुंपण ओलांडूही शकतो, याचा हा पुरावा होय. अर्थात वेगवान आवृत्तीच्या नृत्योत्साहात पार्श्वगायनाविषयीचा मूळ आशय कित्येकांच्या लक्षात आला नसावा, ही मर्यादाही नोंदवली पाहिजे.

समारोप व निष्कर्ष :
'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'चे छापील साप्ताहिक मार्च २०१८ मध्ये थांबले. शोधणे, निवडणे, यादी करणे आणि दुसऱ्याला ऐकवणे ही चाहत्याची कामे आता मोठ्या प्रमाणावर संगणकीय शिफारशी करतात. संगीत मुबलक झाले. परंतु एखाद्या गीतासाठी स्वतःचा शब्द पणाला लावणारा माणूस मागे पडला. या पार्श्वभूमीवर पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. ब्रिटिश इंडी संगीतात चाहता हा निर्मितिप्रक्रियेचा आरंभबिंदू होता. दुकान, अंक, लेबल आणि नभोवाणी या चारही संस्था त्याच्या उत्साहातून उभ्या राहिल्या किंवा टिकल्या.
२. 'इंडी' ही संज्ञा व्यवस्थेकडून शैलीकडे सरकल्यामुळे स्वातंत्र्याचा दावा शिल्लक राहिला. त्याचा आर्थिक आधार मात्र क्षीण झाला.
३. उत्साहाची तीव्रता हा रसिकतेचा निकष ठरू शकत नाही. रॉबचा उत्साह कोणाहूनही कमी नाही. उणीव आहे ती दुसऱ्याच्या आवडीला जागा देण्याची.
४. 'हाय फिडेलिटी'तील यादी क्रम लावते व वगळते. 'ब्रिमफुल ऑफ आशा'तील यादी शेजारी बसवते. चाहत्याची यादी कोणाला आत घेते, यावर तिचे सांस्कृतिक मूल्य ठरते.

'सहृदय' या संज्ञेत दुसऱ्याच्या हृदयाशी समान होण्याची अपेक्षा अनुस्यूत आहे. मुलीसाठी गीत मागणाऱ्या बापाला ते गीत कागदात गुंडाळून देणारा विक्रेता, स्वतःची आवड न सोडताही, या संज्ञेला अधिक पात्र ठरला असता.